दुर्गम उष्णोदक कुंडांची यात्रा : पूर्वतयारी आणि दक्षता

भूगर्भातून वर येणाऱ्या गरम पाण्याचे आकर्षण आपल्या लोकांना फार जुने आहे. राजापूरजवळील उन्हाळे, दापोली तालुक्यातील उन्हवरे, जळगाव जिल्ह्यातील उनपदेव, नांदेड जिल्ह्यातील उनकेश्वर या स्थळांच्या नावांतच ‘ऊन’ पाण्याची खूण राहून गेली आहे. राजापूरच्या कुंडावर जाणाऱ्या गोमंतकीय भाविकाला विशेष तयारी करावी लागत नाही. कुंडाजवळपर्यंत रस्ता आहे, गाव हाकेच्या अंतरावर आहे. परंतु आपल्याकडील शिक्षक, शासकीय कर्मचारी व तरुण मंडळी रजा प्रवास सवलतीचा लाभ घेऊन आता हिमालयातील कुंडांकडेही वळू लागली आहेत. तेथे कुंड तेच, पाणीही तसेच. मात्र चूक झाल्यास मदत काही तासांच्या अंतरावर असते. हा फरक ध्यानी घेऊनच अशा यात्रेची आखणी व्हावयास हवी.

उदाहरणादाखल हिमाचल प्रदेशातील कुलू जिल्ह्यातले खीरगंगा हे स्थान घेऊ. भुंतर येथे पार्वती नदी बियासला मिळते. तेथून पार्वतीच्या काठाने कसोल व मणिकर्ण ही गावे ओलांडून मोटाररस्ता बर्शैणीपर्यंत जातो. पुढचा सुमारे १२ किलोमीटरचा मार्ग पायी, चढणीचा व अरण्यातून जाणारा आहे. खीरगंगेची उंची समुद्रसपाटीपासून २,९०० मीटरांहून अधिक आहे. आपल्या कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या उंचीची कल्पना येईल. कार्तिकेयाने येथे तप केले व पार्वतीने त्याच्यासाठी खीर पाठविली, अशी लोककथा आहे.

हे पाणी तापते कशाने, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. कुंडाखाली ज्वालामुखी धुमसत असावा ही समजूत कोकणातील झऱ्यांच्या बाबतीत खरी नाही, तशी येथेही नाही. पावसाचे व बर्फाचे पाणी खडकांतील भेगांतून खोलवर मुरते. भूपृष्ठाखाली दर किलोमीटरला तापमान सर्वसाधारणपणे २५ ते ३० अंश सेल्सियसने वाढत जाते. तेथे तापलेले पाणी एखादी मोकळी भेग सापडताच वेगाने वर येते. वाटेत किती थंड पाणी त्यात मिसळले, यावर त्याची उष्णता ठरते. म्हणूनच एकाच खोऱ्यातील दोन कुंडांत, किंबहुना एकाच कुंडाच्या दोन टोकांत, मोठी तफावत असते. मणिकर्ण येथे पाणी उकळीच्या जवळपास असते व त्यात तांदळाची पुरचुंडी सोडून भात शिजवितात. खीरगंगेच्या कुंडात लोक स्नान करतात. तथापि पाणी जेथून कुंडात पडते तेथे ते अधिक ऊन असावयाचेच.

पाण्याकडे पाहून त्याचे तापमान कळत नाही, ही खरी अडचण आहे. थंड हवेत ४० अंशांच्या पाण्यावर वाफ दिसते आणि ७० अंशांच्या पाण्यावरही दिसते. ५० अंशांचे पाणी काही मिनिटांत प्रौढ माणसाची कातडी भाजते, ६० अंशांचे सुमारे पाच सेकंदांत, तर ७० अंशांचे जवळजवळ एका सेकंदात. मुलांची व वृद्धांची त्वचा नाजूक असल्याने त्यांना याहूनही कमी अवधी पुरतो. स्नानास ३८ ते ४० अंश उत्तम; ४२ अंशांपुढचे पाणी टाळावे. शाळेच्या प्रयोगशाळेतील ११० अंशांपर्यंतचा तापमापक दोरीला बांधून सोबत नेल्यास त्यासारखी दुसरी शहाणपणाची वस्तू नाही. (ताप मोजण्याची घरगुती पारानळी नेऊ नये. ती ४२ अंशांपुढे वाचत नाही व गरम पाण्यात फुटते.) तापमापक नसेल तर आधी भांड्याने थोडे पाणी काढून मग कोपराने अंदाज घ्यावा. पायाने कधीही घेऊ नये.

पायाविषयी मुद्दाम लिहिण्यास कारण आहे. प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एक निवृत्त मुख्याध्यापक अनेक वर्षांचे मधुमेही. एका कुंडावर त्यांनी प्रथम पाय सोडले व पाणी ‘कोमट आहे’ असे सोबत्यांना सांगितले. शेजारच्या मुलाने बोट बुडवून झटकन मागे घेतले, तेव्हा गुरुजींचे दोन्ही तळवे भाजून निघालेले होते. दीर्घकाळच्या मधुमेहाने पावलांची संवेदना बोथट होते, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. कुंडाच्या काठी त्याची आठवण झाली नाही, इतकेच. ती जखम भरून येण्यास चार महिने लागले.

भाजल्यास त्या भागावर स्वच्छ, थंड, वाहते पाणी २० मिनिटे सोडावे. बर्फ लावू नये. हळद, तूप, दंतमंजन, शाई यांपैकी काहीही लावू नये. त्याने जखम बिघडते व डॉक्टरांचे काम वाढते. अंगठ्या, पैंजण सूज येण्यापूर्वी उतरवावीत. फोड न फोडता स्वच्छ कापडाने सैल झाकून रुग्णास खाली न्यावे.

पाणी योग्य तापमानाचे असले तरी त्यात बसून राहण्यास मर्यादा आहे. उष्णतेने रक्तवाहिन्या प्रसरण पावतात व रक्तदाब उतरतो. चढण चढून आलेला, घामाने पाणी गमावलेला मनुष्य कुंडातून एकदम उभा राहिला की त्याला घेरी येते आणि तो पाण्यातच कोसळतो. तेव्हा पोहोचल्यावर अर्धा तास विश्रांती, मग पाणी पिणे, मग दहा मिनिटांचे स्नान व सावकाश उठणे, हा क्रम ठेवावा. मद्यप्राशन केलेल्याने कुंडात उतरूच नये. हृदयविकार असणाऱ्यांनी व गर्भवती स्त्रियांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. स्नान झाल्यावर शेजारच्या पार्वतीत उडी घेण्याचा मोह काहींना होतो. ते बर्फाचे पाणी आहे आणि त्याचा ओघ पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आवरत नाही.

आणखी एक सूचना भाविकांना कदाचित रुचणार नाही. कोमट गोड्या पाण्यात ‘नेग्लेरिया फाउलेरी’ नावाचा सूक्ष्म जीव वाढू शकतो. तो पिण्यातून बाधत नाही. पाणी नाकात शिरल्यास मेंदूपर्यंत पोहोचतो व होणारा आजार बहुधा प्राणघातक ठरतो. अशा प्रकारच्या मेंदूज्वराचे रुग्ण केरळात २०२४ व २०२५ साली आढळले होते. हा आजार विरळाच आहे. तरीही डोके बुडवून डुबकी न मारता खांद्यापर्यंत स्नान करावे आणि ओले हात मस्तकाला लावावेत. श्रद्धेला यात उणेपणा नाही. कुंडाच्या पाण्याने जलनेती तर करूच नये. स्नानानंतर दोन आठवड्यांच्या आत तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या, मान ताठणे अशी लक्षणे दिसल्यास डॉक्टरांना कुंडस्नानाची हकिगत आवर्जून सांगावी.

आता काळवेळेविषयी. खीरगंगेस मे ते जूनचा प्रारंभ आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हे दिवस बरे. जुलै-ऑगस्ट सर्वस्वी टाळावेत. जुलै २०२२ मध्ये मणिकर्णजवळ चोज येथे ढगफुटीने माणसे वाहून गेली. जुलै २०२३ मध्ये कसोल परिसरात असंख्य पर्यटक अडकून पडले. हिवाळ्यात वाट बर्फाखाली जाते. बर्शैणीहून सकाळी आठच्या आत निघावे. दुपारी एकपर्यंत कुंड दृष्टीस न पडल्यास, ते अगदी जवळ आहे असे कोणी कितीही सांगितले तरी, मागे फिरावे. वर मुक्काम करण्याविषयीचे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत. म्हणून खाली चौकशी करूनच सामान बांधावे. पिशवीत कोरड्या कपड्यांचा एक जोड, लोकरीची टोपी, विजेरी आणि पावसाळी अंगरखा हवाच. ओल्या अंगाने संध्याकाळच्या वाऱ्यात बसलेल्या माणसाला उष्णोदकाच्या काठीसुद्धा गारठा बाधतो.

एकट्याने जाऊ नये. १९९० नंतर या खोऱ्यात देशी-विदेशी अनेक प्रवासी बेपत्ता झाले असून त्यांतील कित्येकांचा शोध आजही लागलेला नाही. भ्रमणध्वनी वाटेत चालेलच असे नाही. ११२ हा आपत्कालीन क्रमांक ध्यानी असावा, पण केवळ त्यावर विसंबू नये. मंडळीची नावे, घरचा संपर्क, जाण्याचा मार्ग व परतण्याची वेळ एका कागदावर लिहून तो बर्शैणीतील मुक्कामाच्या ठिकाणी ठेवावा आणि एक प्रत घरी पाठवावी. खाली उतरल्यावर प्रथम दोन्हीकडे परत आल्याचे कळवावे. नाही तर आपण गरम चहा घेत बसलेलो असताना गावची माणसे कंदील घेऊन रात्रीच्या अरण्यात आपल्याला शोधावयास निघालेली असतात.