काटा खरे सांगतो का?

दिवाळी होऊन गेली. भात झोडून झाले. खळ्यात रास पडली. घरापुरते ठेवायचे आणि उरलेले विकायचे. गोणी तराजूवर चढते. काटा थोडा हलतो आणि थांबतो. व्यापारी म्हणतो, "चाळीस किलो."

आपण मान डोलावतो. पण मनात येते, "काटा खरं सांगतो ना?"

मंडळी, हा प्रश्न फार मोलाचा आहे. मोठमोठे शास्त्रज्ञही रोज हाच प्रश्न विचारतात. ते कसे, ते या धड्यात पाहू.

माप म्हणजे काय?

"नारळाचं झाड उंच आहे." हे झाले नुसते बोलणे. "झाड १५ मीटर उंच आहे." हे झाले माप.

मापात दोन गोष्टी लागतात. एक आकडा आणि दुसरे, ज्याने मोजले ते ठरलेले माप. या ठरलेल्या मापाला शास्त्रात 'एकक' म्हणतात. लांबीचे एकक मीटर. वजनासाठी आपण किलो वापरतो. वेळेचे एकक सेकंद. नुसते 'पाच' म्हणून भागत नाही. पाच काय? पाच हात की पाच मीटर?

आता हातच घ्या. उंच माणसाचा हात लांब, ठेंगण्याचा आखूड. दोघांनी एकच दोर मोजला, तर आकडे दोन येतील. खोटे कोणीच बोलत नाही. दोघांचे एकक वेगळे आहे, एवढेच.

पूर्वी भात पायलीने मोजत. पण एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीसारखी असेलच असे नव्हते. शिवाय कोणी शीग लावून मोजी, तर कोणी हात फिरवून सपाट करी. घेताना शीग आणि देताना सपाट, असेही चाले. यात गरिबाचे नुकसान होई. त्याला ते कळे, पण दाखवता येत नसे.

म्हणून १९५६ साली आपल्या देशात वजनमापांचा कायदा झाला. १९५८ पासून किलोची वजने बाजारात येऊ लागली. आता रेवसचा किलो, श्रीवर्धनचा किलो आणि दिल्लीचा किलो एकच. परदेशात गेलात तरी किलो तोच.

काट्याला दुसरे कोण ओढते?

एकक एक झाले. मग आता सगळे ठीक झाले का? नाही. काटाही खरा पाहिजे.

समजा, तराजूच्या एका पारड्याखाली कोणी मेणाचा गोळा चिकटवला. वजने खरी आहेत. मालही तोच आहे. पण काटा आता मालाबरोबर मेणाचेही ओझे सांगतो. आपल्याला वाटते, मालाचेच वजन कळले.

दुसरे उदाहरण होड्यांवरचे घ्या. खोल पाण्यात किनारा दिसेनासा झाला, की खलाशी होकायंत्र पाहतात. त्याचा काटा म्हणजे एक लहानसा लोहचुंबक. पृथ्वी हाही एक मोठा चुंबक आहे. ती या काट्याला उत्तर-दक्षिण धरून ठेवते. पण होकायंत्राजवळ लोखंडी कोयता ठेवा. काटा वळतो. काटा बिचारा खोटे बोलत नाही. त्याला दोघे ओढत असतात, पृथ्वी आणि कोयता.

तारेतून वीज वाहू लागली, की ती तारही चुंबकासारखी वागते. तीसुद्धा काट्याला ढकलते. एवढे ध्यानात ठेवा. आता आपल्या अलिबागची गोष्ट ऐका.

अलिबागची वेधशाळा

अलिबागच्या किल्ल्याचे नाव कुलाबा. मुंबईतही एक कुलाबा आहे. त्या मुंबईच्या कुलाब्याला एक जुनी वेधशाळा होती. तेथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकशक्तीचे मोजमाप चाले. ही शक्ती रोज थोडी कमीजास्त होते. तिची नोंद तेथे ठेवीत.

पुढे मुंबईत ट्राम विजेवर चालवायचे ठरले. तोवर ट्राम घोडे ओढत. लोकांची सोय होणार होती. पण वेधशाळेच्या काट्याचे काय? ट्रामच्या विजेने काटा हलला असता. मग नोंद पृथ्वीची की ट्रामची, हे कसे कळणार?

तेव्हा वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस हे होते. त्या वेधशाळेचे ते पहिले भारतीय प्रमुख. त्यांनी नवी जागा शोधली. ती अलिबागला सापडली. मुंबईहून सरळ रेषेत सुमारे ३० किलोमीटर लांब, आणि विजेच्या गडबडीपासून दूर. येथे इमारत बांधताना लोखंड टाळले. दगडही चुंबकाला न ओढणारा निवडला. कोयता होकायंत्रापासून दूर ठेवावा, तसेच हे.

१९०४ साली अलिबागला मोजणी सुरू झाली. पण मुंबईची मोजणी लगेच बंद केली नाही. दोन वर्षे दोन्हीकडे बरोबरच मोजले. का? जुना काटा आणि नवा काटा यांचा मेळ बसतो का, हे पाहायला. मेळ बसला, तरच जुनी आणि नवी वही एकत्र जोडता येते. १९०६ नंतर हे काम अलिबागकडेच आले. पुढच्याच वर्षी, १९०७ साली, मुंबईत विजेची ट्राम धावू लागली.

अलिबागची मोजणी आजही चालू आहे.

एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय?

१८५९ सालच्या सप्टेंबर महिन्यात सूर्यावरून फार मोठा मारा पृथ्वीकडे आला. पृथ्वीच्या चुंबकशक्तीत खळबळ उडाली. याला चुंबकीय वादळ म्हणतात. यात वारा नाही, पाऊस नाही. पण युरोप-अमेरिकेत तारघरांतल्या यंत्रांतून ठिणग्या उडाल्या.

त्या वेळी मुंबईच्या कुलाब्याला माणसे काट्यापाशी बसून होती. डोळ्यांनी पाहून, हाताने आकडे लिहीत होती. ती वही जपून राहिली. २००३ साली शास्त्रज्ञांनी तिचा नव्याने अभ्यास केला. वादळ किती मोठे होते, हे त्या आकड्यांवरून काढले. आज असे वादळ आले, तर वीज, रेडिओ आणि आकाशातले उपग्रह यांना धोका आहे. म्हणून ते आकडे आजही कामाला येतात.

लिहिणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते. त्यांनी फक्त खरे माप घेतले आणि नीट लिहून ठेवले. खरे माप कधी वाया जात नाही.

हे करून पाहा

शास्त्रज्ञांनी जे केले, तेच आपणही तराजूपाशी करू शकतो.

१. माल ठेवण्याआधी काटा पाहा. साधा तराजू असेल, तर रिकामी पारडी समान हवीत. विजेचा काटा असेल, तर आकडा शून्य हवा.

२. साध्या तराजूत माल आणि वजने यांची पारडी बदलून पाहा. काटा पुन्हा मधोमध आला पाहिजे.

३. वजनावर आणि काट्यावर सरकारी तपासणीचा छाप आहे का, ते पाहा.

४. पाण्याने पारख करा. रिकामे भांडे काट्यावर ठेवून आकडा लिहा. मग त्यात मापाने एक लिटर गोडे पाणी ओता. आकडा जवळजवळ एक किलोने वाढला पाहिजे.

५. आलेले वजन स्वतःच्या वहीत लिहा. तारीखही घाला.

कोणी म्हणेल, "एवढा अविश्वास कशाला?" त्याला सांगा, "हा अविश्वास नव्हे, ही पारख आहे. अलिबागच्या वेधशाळेनंही स्वतःचा काटा दोन वर्षं पारखून घेतला." खऱ्या व्यापाऱ्याला पारखीचे भय नसते. आणि तुम्हाला आता आकडा वाचता येतो, लिहिताही येतो. वर्षभराच्या घामाचे माप दुसऱ्याच्या तोंडून कशाला ऐकायचे?