पोरक्या प्रोसेसचा हिशेब

सर्व्हरच्या पडद्यामागे वेबसेवा, डेटाबेस, बॅकअप अशी अनेक कामे एकाच वेळी चालतात. त्यांचा हिशेब कसा ठेवायचा, हा प्रश्न मला तांत्रिक कमी आणि व्यवस्थेचा अधिक वाटतो.

युनिक्सने तो वंशावळीने ठेवला: प्रत्येक प्रोसेसला एक जनक. पण जनक संपला की पोरकी प्रोसेस सहसा पहिल्या क्रमांकाच्या प्रोसेसकडे दत्तक जाते आणि मूळ घराणे पुसले जाते. मग सेवा बंद केली तरी तिची पिलावळ मेमरी खात राहू शकते.

जानेवारी २००८मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये ‘सीग्रुप’ आले. यात नवी प्रोसेस जनकाच्याच गटात जन्मते आणि जनक गेला तरी त्या गटात राहते. २०१० साली लेनार्ट पोटरिंग आणि के सिव्हर्स यांनी सुरू केलेल्या ‘सिस्टमडी’ने प्रत्येक सेवेला असा गट दिला. गटांच्या पोटात गट ठेवायला ‘स्लाइस’ असतात. नावातली आडवी रेघ त्यांची उतरंड सांगते. समजा, ‘शॉप.स्लाइस’च्या पोटात ‘शॉप-बिल.स्लाइस’ आणि ‘शॉप-रिपोर्ट.स्लाइस’ आहेत. वरच्याला २ जीबी मेमरीची मर्यादा घातली, की आतल्या सर्वांची बेरीज तिच्यापुढे जात नाही. वरचा थांबवला, की आतल्या सेवाही थांबतात. रिपोर्टला वेगळी १ जीबीची मर्यादा दिली, तर बिघडलेला रिपोर्ट शेजारच्या बिलांची मेमरी गिळू शकत नाही.

माझ्या मते यातला धडा एवढाच: जबाबदारी जन्मावरून ठरवली तर निसटते; सदस्यत्वावरून ठरवली तर टिकते.