डोंगरी सायकल : आधी काय बदलावे?

आपल्या बेटावर सायकल ही काही नवी वस्तू नव्हे. पूर्वी ती कामावर जाण्याचे वाहन होती. आज अनेक घरांत ती हौसेची वस्तू झाली आहे. त्यातही तरुण मंडळींचा ओढा डोंगरी सायकलीकडे, म्हणजे माउंटन बाइककडे, अधिक आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये मॉरिशसच्या किम्बर्ली ल कूर यांनी बेल्जियममधील लिएज–बास्तोन–लिएज ही नामांकित शर्यत जिंकली आणि त्याच वर्षी महिलांच्या टूर द फ्रान्समध्ये पिवळी जर्सीही अंगावर चढवली. या दोन्ही शर्यती सडकेवरच्या. परंतु त्यापूर्वी या बाईंनी दक्षिण आफ्रिकेत माउंटन बाइकच्या शर्यती गाजवल्या होत्या, हे आपल्या मुलांना चांगले ठाऊक आहे.

नाद चांगला आहे, पण खर्चिक आहे. सायकल घेतली की काम संपले, असे होत नाही. मग सुरू होते सुट्या भागांची चर्चा. एक म्हणतो, गिअर बदल. दुसरा म्हणतो, फोर्क बदल. तिसरा म्हणतो, चाकेच नवी घे. बहुतेक भाग परदेशातून येणारे आणि किमती ऐकून आई-वडिलांच्या कपाळाला आठ्या पडाव्यात अशा. मुलगा हट्ट धरतो आणि त्याला नेमके काय विचारावे हे वडिलांना कळत नाही. अशा घरांसाठी हा लेख आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे : कोणता त्रास दूर करण्यासाठी हा भाग हवा, हे एका वाक्यात सांगता येत असेल तरच तो बदलावा. आणि बदलायचेच झाले तर सायकल थांबवणारे व जमिनीला धरून ठेवणारे भाग आधी, पळवणारे भाग नंतर.

या खेळाचा जन्मच ब्रेकच्या अडचणीतून

हा क्रम मी मनाने बनवलेला नाही. या सायकलीचा इतिहासच तो सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या दशकात तेथील काही तरुण १९३० च्या सुमाराच्या जुन्या, जाडजूड सायकली घेऊन मातीच्या वाटांवरून उतरत असत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी जवळच्याच एका उतारावर शर्यत लावली. सुमारे दोन मैलांची वाट आणि उतार १३०० फुटांचा!

त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबमध्ये असे; पॅडल उलटे दाबले की तो लागे. उतार संपेपर्यंत हब इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि पुन्हा ग्रीस भरल्याशिवाय सायकल पुढच्या फेरीस उपयोगी पडत नसे. इंग्रजीत अशा पुन्हा भरण्याला ‘रीपॅक’ म्हणतात; त्या वाटेचे नावच ‘रीपॅक’ पडले. म्हणून या मंडळींनी जुन्या सायकलींना ड्रम ब्रेक आणि मोटारसायकलच्या मजबूत ब्रेकमुठी बसवल्या. चढासाठी गिअरही बसवले. सायकल नव्या मोसमाची दिसावी म्हणून नव्हे, तर त्यावाचून डोंगर चढता-उतरता येईना म्हणून.

पुढचा इतिहास भराभर घडला. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी फ्रेम बांधली. १९७९ मध्ये गॅरी फिशर व चार्ली केली यांनी टॉम रिची यांनी बांधलेल्या फ्रेमवर सायकली विकण्यास सुरुवात केली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टम्पजम्पर’ निघाली आणि डोंगरी सायकल कारखान्यात मोठ्या संख्येने तयार होऊ लागली. १९८२ मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने ‘डिओर एक्सटी’ हा डोंगरी सायकलीचा खास संच आणला. १९८९ मध्ये रॉकशॉक्सचा धक्के शोषणारा फोर्क बाजारात आला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला मानाचे स्थान मिळाले. वीस वर्षांत जुन्या भंगारातली सायकल ऑलिंपिकला पोहोचली.

ब्रेक : कंजूसपणा येथे नको

माझ्या एका विद्यार्थ्याने वर्षभर साठवलेल्या पैशांतून नवा बारा गिअरांचा संच बसवला आणि मोठ्या कौतुकाने मला दाखवायला आणला. गिअर खरोखरच लोण्यासारखे पडत होते. मी खाली वाकून ब्रेक पाहिले. पॅडचा थर संपून आतली लोखंडी पट्टी दिसत होती. नव्या पॅडना त्या गिअरच्या किमतीचा अगदी लहानसा अंश पुरला असता. शामारेलहून काझ नोयालकडे उतरणारा रस्ता ज्याने पाहिला आहे, त्याला यापुढे काही सांगायला नको.

रिमवर दाबणारा जुना ब्रेक वाईट नाही. मात्र पावसात आणि चिखलात त्याची पकड कमी होते, आणि चिखलातली वाळू रिमची कडही झिजवते. चकतीचा, म्हणजे डिस्क ब्रेक चिखलापासून दूर, चाकाच्या मध्याशी असतो. त्यात तारेचा आणि तेलाचा असे दोन प्रकार आहेत. तेलाच्या ब्रेकला बोट कमी दाबावे लागते, आणि लांब उतारावर हाताला मुंग्या येत नाहीत, हा त्याचा मोठा गुण. तारेच्या ब्रेकची दुरुस्ती मात्र कोठेही करता येते. म्हणून लांब प्रवास करणारे पुष्कळ लोक अजून त्याचीच बाजू घेतात. दोघांचेही म्हणणे खरे आहे.

थोड्या खर्चात ब्रेक सुधारण्याची एक युक्ती गणितातून समजते. १६० मिलिमीटरच्या चकतीऐवजी १८० मिलिमीटरची बसवली, तर पॅड मध्यापासून अधिक दूर धरतात. तेवढ्याच दाबात थांबवणारा जोर एक-अष्टमांशाने वाढतो. मात्र फ्रेम व फोर्क यांना ती चकती चालते का, हे आधी पाहावे. दुसरी सूचना तेलाची. शिमानोच्या ब्रेकमध्ये खनिज तेल लागते. स्राम कंपनीच्या बऱ्याच ब्रेकमध्ये डॉट नावाचे वेगळे द्रव लागते. एकात दुसरे घातले तर आतली रबरी सीले खराब होतात. आणि साखळीवर फवाऱ्याने तेल मारताना ते चकतीवर उडू देऊ नये. तेल प्यालेला पॅड बहुधा टाकूनच द्यावा लागतो.

टायर आणि हवा

ब्रेक कितीही चांगला असला तरी शेवटी जमिनीला धरणारा टायरच. हाताच्या पंजाहूनही लहान असे दोन ठिपके जमिनीला टेकलेले असतात. सगळा भरवसा त्यांच्यावर. म्हणून दुसरा खर्च टायरवर व्हावा. आपल्याकडे उसाच्या वाटांवर काळे, धारदार दगड आहेत. तेथे फार हलका, पातळ टायर बाजूने कापला जातो. जाड बाजूचा टायर थोडा जड लागतो, पण घरी चालत यावे लागत नाही.

हवेचा दाब बदलायला तर पैसाही लागत नाही. पुष्कळ जण रस्त्याच्या सायकलीप्रमाणे डोंगरी सायकलीतही दगडासारखी हवा भरतात. टायर कडक झाला की तो दगडावरून उड्या मारतो, पकड जाते आणि मनगटे दुखतात. मात्र ट्यूब असताना हवा फार कमी केली तर दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटते आणि सापाच्या दंशासारखी दोन भोके पडतात. यावर उपाय म्हणून ट्यूब नसलेले टायर आले. त्यांत चिकासारखे पांढरे द्रव असते, ते लहान भोके आपोआप बुजवते आणि हवा कमी ठेवता येते. तक्रार एवढीच की ते द्रव वाळते. आपल्या उष्ण हवेत दोन-तीन महिन्यांनी पाहून पुन्हा घालावे लागते. ज्याला हे लक्षात ठेवण्याचा कंटाळा असेल, त्याने ट्यूबच बरी समजावी.

गिअरांचा वाद

शौकिनांमध्ये सर्वांत मोठा वाद याच विषयावर होतो. पूर्वी पुढे तीन दातेरी चकत्या आणि मागे आठ-नऊ असत. २०१२ मध्ये स्रामने पुढे एकच चकती आणि मागे अकरा असा संच आणला. २०१६ मध्ये मागे बारा झाल्या. आता जाणकार म्हणवणारे लोक तीन चकत्यांची सायकल पाहून नाक मुरडतात.

आपण पाटी-पेन्सिल घेऊन पाहू. जुन्या संचात पुढे ४४, ३२ आणि २२ दात, मागे ११ ते ३४ दात. सर्वांत हलक्या गिअरमध्ये पॅडलच्या एका फेऱ्यात चाक ०.६५ वेळा फिरते (२२ भागिले ३४) आणि सर्वांत जड गिअरमध्ये ४ वेळा (४४ भागिले ११). नव्या संचात पुढे ३० दात, मागे १० ते ५१. हलका गिअर ०.५९, जड गिअर ३. म्हणजे चढावर नवा संच थोडा सोपा, सपाटीवर जुना अधिक वेगाचा, आणि एकूण पल्ला तर जुन्याचाच मोठा! मग नव्याचा फायदा काय? पुढचा डिरेलर, म्हणजे साखळी ढकलणारा भाग, आणि त्याची मूठ दोन्ही जातात. खडबडीत वाटेवर कोणती मूठ दाबावी याचा विचार करावा लागत नाही, आणि साखळीही सहसा उतरत नाही. फायदा खरा आहे. पण ज्याची जुनी यंत्रणा नीट चालते आहे, त्याने केवळ लाजेपायी ती काढू नये.

साखळी झिजली की मात्र बदलावीच, आणि वेळेवर बदलावी. त्यासाठी घरातली इंचांची पट्टी पुरते. साखळीच्या एका खिळीच्या मध्यावर शून्य ठेवा. तिच्यापुढची चोविसावी खिळी नव्या साखळीत बरोबर १२ इंचांवर येते. ती इंचाच्या सोळाव्या भागाने पुढे गेली असेल तर नवी साखळी घाला. आठव्या भागाने गेली असेल तर मागच्या चकत्याही बहुधा खराब झाल्या आहेत, असे समजा. अकरा-बारा गिअरांच्या बारीक साखळीला सोळाव्या भागाचीही वाट पाहू नये. समुद्रावरून येणारे खारे वारे आणि वाक्वा-क्यूरपिपकडचा पाऊस साखळीला फार दिवस सुखाने राहू देत नाहीत; दर फेरीनंतर पुसून थोडे तेल, हीच तिची खरी सेवा.

वजन आणि मापे

दुसरा मोह वजनाचा. हलक्या भागांसाठी लोक पाण्यासारखा पैसा ओततात. पंच्याहत्तर किलोचा माणूस आणि चौदा किलोची सायकल, मिळून ८९ किलो. फार पैसे देऊन अर्धा किलो वजन कमी केले, तर अर्ध्या तासाच्या चढात जेमतेम दहा सेकंद वाचतात. शर्यत लावणाऱ्याला दहा सेकंदांची किंमत आहे, हे मान्य. रविवारच्या फेरीला जाणाऱ्याने मात्र हे लक्षात ठेवावे की अर्धा लिटर पाण्याचे वजनही अर्धा किलोच असते.

तिसरी गोष्ट मापांची, आणि येथे भलेभले फसतात. डोंगरी सायकलीची चाके तीन मापांची असतात. २६ इंची म्हणतात त्या टायरची बैठक ५५९ मिलिमीटर व्यासाची, साडेसत्तावीसची ५८४ आणि एकोणतीसची ६२२. एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. मागच्या हबची रुंदी आधी १३५ मिलिमीटर होती, मग १४२ आली, मग १४८. फोर्कची दांडी पूर्वी सरळ असे, आता खाली जाड होत जाते. म्हणून जुन्या फ्रेमसाठी नवा फोर्क किंवा नवे चाक मागवण्याआधी मापपट्टी हातात घ्यावी. जास्त उंच फोर्क बसला तरी तो घालू नये. हँडलचा कोन बदलतो आणि फ्रेमच्या पुढच्या सांध्यावर नको तो ताण येतो.

या बदलत्या मापांबद्दल शौकिनांची चीड रास्त आहे. चांगल्या फ्रेमला केवळ चाक मिळत नाही म्हणून ती अडगळीत जाते. परंतु २६ इंचाची सायकल घरात असेल तर ती निकामी झाली, असे मुळीच नाही. ब्रेकपॅड, साखळी आणि त्या मापाचे टायर अजून मिळतात, आणि उसाच्या वाटेला चाकाचे माप कळत नाही.

क्रम असा लावावा

तेव्हा मुलाने नवा भाग मागितला की पालकांनी पुढील क्रमाने विचारावे. सायकल स्वच्छ करून सगळे नट-बोल्ट तपासले का? बैठकीची उंची, फोर्कची आणि टायरची हवा नीट केली का? ब्रेकपॅड शाबूत आहेत का? टायरची नक्षी शिल्लक आहे का? पॅडलवर पाय आणि मुठीवर हात घट्ट राहतो का? या सगळ्यांची उत्तरे होकारार्थी आली की मग गिअर, मग फोर्क, मग चाके. आणि हेल्मेट हा सायकलीचा भाग नसला, तरी यादीत तो पहिला.

एक अट आणखी घालावी : जो भाग बदलायचा तो मुलाने स्वतः, जाणत्याच्या देखरेखीखाली, काढून पुन्हा बसवला पाहिजे. टॅमलपायसच्या त्या मुलांजवळ पैसा नव्हता, पण आपल्या सायकलीतला प्रत्येक छर्रा कोठे बसतो हे त्यांना माहीत होते. विकत घेतलेला भाग दोन वर्षांत जुना होतो. हाताला आलेले ज्ञान पुढच्या सायकलीलाही उपयोगी पडते, आणि धाकट्या भावाच्या सायकलीलाही.