खांदा बसला, की सगळं बसलं!

ब्रँडेड कुर्ता अंगावर घातला, की कंबरेत परफेक्ट आणि खांद्यावर मात्र झोळ? मग या वीकेंडला आईचं शिलाई मशीन बाहेर काढा. फक्त कात्री हातात घेण्याआधी एक फंडा पक्का लक्षात ठेवा : आधी खांदा, मग बाकीचं!

शनिवारी पुण्याहून निघायचं, वाठारला हायवे सोडायचा आणि वारणानगरचं घर गाठायचं. अशा घरी जाणाऱ्या मंडळींच्या डोक्यात सध्या एक हटके आयडिया असते, आईच्या जुन्या साडीचा कुर्ता! आयडिया नाद खुळा आहे, पण साडी एकच असते. कात्री चुकली तर दुसरी आणायची कुठून?

म्हणूनच खांद्याला मान. कपडा अंगावर टांगलेला असतो तो खांद्यावरच. कंबर सैल झाली तर बाजूची शिलाई आत घेता येते. खांदा चुकला तर बाही उसवावी लागते, आणि कापड कमी पडलं तर ते वाढवता येत नाही.

कॉम्प्युटरचा खांदा

वारणा परिसरातल्या 70 गावांमध्ये 1998 साली ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पातून कॉम्प्युटर आले, तेव्हा त्याची केवढी चर्चा झाली होती! आता तिथली मुलं-मुली शहरात दिवसभर लॅपटॉपसमोर वाकून बसतात. अशा बसण्यामुळे अनेकांचे खांदे पुढे झुकतात. पॅटर्न मात्र ताठ उभ्या असलेल्या माणसाचा! मग कुर्ता मागे सरकतो, गळा समोरून टोचतो आणि आपण दिवसभर तो पुढे ओढत बसतो.

आरशात बाजूने बघा. खांद्याची शिलाई हाडाच्या टोकापाशी मागे गेलेली दिसली, तर उपाय सोपा आहे. पुढच्या भागाचं खांद्याचं टोक पाव ते अर्धा इंच खाली घ्या, मागच्या भागाचं तेवढंच वर चढवा. गळ्याकडचं टोक हलवायचं नाही. मुंढ्याची एकूण गोलाई तेवढीच राहते. बाहीच्या माथ्यावरची मधली खूण मात्र तेवढीच पुढे सरकवायला विसरू नका.

तुमचा खांदा कुठला?

*उतरता :* गळ्यापासून काखेकडे तिरक्या चुण्या पडतात. खांद्याचं टोक दोन्ही भागांवर अर्धा इंच खाली घ्या आणि मुंढ्याचा तळही तेवढाच खाली न्या. नाहीतर मुंढा लहान होऊन काखेत आवळेल.

*चौकोनी :* मागे मानेखाली आडवी घडी साचते. इथे सगळं उलटं. टोक वर, मुंढ्याचा तळही वर.

*रुंदीला जास्त :* बाहीची शिलाई दंडावर उतरते. हात आडवा उचला, खांद्यावर जिथे खळगा पडतो तिथे टाचणी लावा. खांदा तिथे संपला पाहिजे. जास्तीचं आत घ्या आणि नवी रेघ मुंढ्याच्या मध्यावर जुन्या रेघेला गोलाईत मिळवा.

*एक वर, एक खाली :* रोज एकाच खांद्यावर बॅग घेणाऱ्यांनी हे तपासून बघाच. फरक दिसला तर कापड दुमडून अर्धा पॅटर्न कापू नका. डावी-उजवी बाजू वेगळी आखा.

साडी सगळ्यात शेवटी

सगळे बदल आधी ब्राउन पेपरवर करा. मग मांजरपाटाचा नमुना शिवा. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 साली आला, त्यामुळे कोल्हापूरकडच्या माणसाला कापडासाठी लांब जायला नकोच. मांजरपाट नसेल तर जुनी चादरही चालते. खांद्याला आणि मुंढ्याला इंचभर माया ठेवा, धावदोरा घाला आणि बाही न लावता घालून बघा. खांदा बसला, की मगच बाही टाचा. टेप उभी धरून मुंढा आणि बाहीचा माथा दोन्ही मोजा. माथा थोडासा जास्तच हवा, कमी भरला तर बाही ओढेल.

आता शेवटची टेस्ट. नमुना अंगात घालून खुर्चीवर बसा, हात की-बोर्डवर ठेवतो तसे पुढे करा. पाठ ताणली नाही, गळा टोचला नाही? मग बदललेला कागद जपून ठेवा, पुढचा प्रत्येक कुर्ता त्यावरूनच निघेल. आणि आता खुशाल म्हणा, ‘आई, साडी काढ गं!’