गिटारचा सूर टिकावा म्हणून : लॉकिंग ट्यूनरची निवड

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी घोषित केलेल्या पवित्र उपासनेविषयीच्या संविधानात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले. त्याचबरोबर, पवित्र कार्यास साजेशी असणारी अन्य वाद्येही अधिकारी धर्मवरिष्ठांच्या संमतीने उपासनेत वापरण्याची वाट मोकळी केली. आपल्याकडे पेटी आणि तबला मिस्सेत आले, त्यांच्या पाठोपाठ गिटारही आली, आणि आता तरुणांच्या गायनवृंदात इलेक्ट्रिक गिटार दिसू लागली आहे. ती योग्य की अयोग्य हा वाद आम्ही येथे उकरून काढणार नाही. मात्र बेसूर गिटार भाविकांचे चित्त प्रार्थनेतून काढून घेते, याविषयी दोन्ही पक्षांचे एकमत व्हावे. ध्वनिवर्धकातून येणारा बेसूर स्वर तर शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो.

या अडचणीची खरी कसोटी पुनरुत्थान सणाच्या जागरणविधीत लागते. पवित्र गुरुवारच्या ग्लोरियानंतर वाद्ये स्तब्ध होतात. शनिवारी रात्री मेणबत्त्यांच्या उजेडात जुन्या करारातील वाचने होतात आणि मग घंटानादासह ग्लोरिया सुरू होतो. त्या क्षणी गिटारवादकाला सूर लावून पाहण्याची सवड नसते. मार्च-एप्रिलच्या कोल्हापुरी उकाड्यात बाहेरून आणलेली आणि पंख्याखाली तासभर पडून राहिलेली गिटार तोवर हमखास उतरलेली किंवा चढलेली असते. पोलाद तापले की प्रसरण पावते आणि स्वर उतरतो, निवले की आकुंचन पावते आणि स्वर चढतो. हे निसर्गाचे काम असून त्यावर कोणत्याही खुंटीचा इलाज चालत नाही. ही गोष्ट आधीच सांगण्याचे कारण असे की ‘लॉकिंग’ या शब्दावरून पुष्कळांची समजूत होते की ही खुंटी एकदा बसवली म्हणजे सूर कुलूपबंद झाला.

मग ती नेमके काय बंद करते? यासाठी शेजारच्या मिरजेकडे पाहावे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तेथे तंतुवाद्ये घडवण्यास आरंभ केला आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन लाभले. तानपुऱ्याची खुंटी लाकडाची असते व लाकडाच्या निमुळत्या छिद्रात केवळ घर्षणाने टिकते. ती सरकू लागली तर तिला खडू चोळतात. पावसाळ्यात लाकूड फुगून ती आवळते, तर कोरड्या हवेत सैल पडते. बारीक फरक दूर करण्यासाठी तारेत मणी ओवलेला असतो. तार फिरवणे आणि तार धरून ठेवणे ही दोन्ही कामे तेथे एकच खुंटी करते.

गिटारमध्ये ही दोन कामे वेगळी झाली आहेत. शिवाजी उद्यमनगरातील कोणत्याही कारागिराला वर्म आणि वर्म व्हील म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. गिटारच्या साध्या खुंटीत तीच रचना लहान आकारात असते. बाहेरची की फिरवली की मळसूत्र चक्राला फिरवते, परंतु चक्र मळसूत्राला उलट फिरवू शकत नाही. सहा तारांचा मिळून सुमारे ४५ किलोंचा ताण असूनही खुंटी आपोआप मागे येत नाही, ती यामुळेच. म्हणजे साधी खुंटीसुद्धा, दातरे झिजलेले नसतील तर, ‘लॉक’ असतेच.

सैलपणा असतो तो दांडीवरच्या वेढ्यांत. साध्या खुंटीवर तारेचे दोन-तीन वेढे घ्यावे लागतात. ते एकमेकांवर चढले किंवा ढिले राहिले, तर वाजवताना, विशेषतः ट्रेमोलोचा दांडा दाबल्यावर, ते आवळतात आणि पुन्हा पूर्ववत बसत नाहीत. लॉकिंग ट्यूनरमध्ये दांडीच्या छिद्रात एक पिन असते. मागची चकती फिरवली की पिन तारेला आतल्या आत चिमटीत धरते. मग एक पूर्ण वेढाही घ्यावा लागत नाही आणि सरकायला वेढाच उरत नाही. अमेरिकेच्या स्पर्झेल कंपनीने १९८० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. पुढे शालर, गोटो, ग्रोव्हर, फेंडर आदींनी आपापले प्रकार काढले. गोटोच्या मॅग्नम लॉकसारख्या प्रकारात मागे चकती नसते आणि की फिरवताच तार आपोआप पकडली जाते. चकतीचा प्रकार आम्हाला अधिक पसंत आहे, कारण पकड बसली की नाही हे बोटांना कळते. चकती आवळण्यासाठी पक्कड मात्र वापरू नये, बोटांचा जोर पुरेसा होतो.

खरेदीपूर्वी पहिले पाहायचे ते गिटारचे डोके. सहा खुंट्या एका ओळीत आहेत, की दोन्ही बाजूंना तीन-तीन? एका प्रकारचा संच दुसऱ्याला चालत नाही. त्यानंतर जुनी खुंटी काढून छिद्राचा व्यास व्हर्निअरने मोजावा. अलीकडच्या बहुतेक गिटारींत तो १० मिलिमीटर असतो, तर जुन्या धाटणीच्या गिटारींत ९ मिलिमीटरहून कमी. मागील स्क्रूची जागाही कंपनीगणिक निराळी असते. कोठे तिरपा एक स्क्रू, कोठे स्क्रूऐवजी दोन लहान पिना. जागा जुळत नसेल तर नवे छिद्र पाडावे लागते. व्यास वाढवायचाच झाला तर तो रीमरने हलक्या हाताने वाढवावा. ड्रिल लावल्यास पॉलिश उडते, क्वचित लाकूडही फाटते. कोणी भेट दिलेल्या जुन्या, चांगल्या गिटारीला असे भोक पाडणे आम्हाला मान्य नाही. तिच्या मापाचा संच शोधावा, नाही तर आहे ते राहू द्यावे.

सहा खुंट्या एका ओळीत असणाऱ्या गिटारीसाठी उतरत्या उंचीच्या दांड्यांचा संच मिळतो. दूरच्या दांड्या आखूड असल्याने तारा नटवर नीट दाबून बसतात. १४:१ किंवा १८:१ हा आकडा फक्त एवढेच सांगतो की दांडीच्या एका फेऱ्यासाठी की किती वेळा फिरवावी लागेल. आकडा मोठा असेल तर सूर बारकाईने लावता येतो, पण तेवढ्याने तो अधिक टिकतो असे नव्हे. वजनाकडेही लक्ष असावे. जड संचामुळे गिटारचे डोके खाली झुकते आणि उभ्याने वाजवणाऱ्याचा डावा हात तिला सावरण्यातच गुंततो. ज्या गिटारीला फ्लॉइड रोझ पद्धतीचा नट आहे, म्हणजे ज्यात तारा नटपाशीच स्क्रूने आवळल्या जातात, तिला लॉकिंग ट्यूनर घेणे म्हणजे निव्वळ दुहेरी खर्च होय.

खर्चाचा विषय निघालाच आहे. गायनवृंदाचा पैसा भाविकांच्या दानातून येतो. एका चांगल्या संचाच्या किमतीत तारांचे कित्येक संच येतात, आणि आमच्या मते सूर उतरण्याचे कारण बहुधा खुंटीत नसून अन्यत्र असते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तारा लवकर गंजतात. नव्या तारा हाताने हलके ओढून बसवल्या नाहीत तर त्या पहिल्या गाण्यातच उतरतात. सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे नट. सूर लावताना ‘टिंग’ असा आवाज येऊन स्वर एकदम उडी मारत असेल, तर तार नटच्या खाचेत अडकते आहे असे समजावे. खाचेत शिसपेन्सिलीचे टोक घासल्यास बऱ्याचदा काम भागते, न भागल्यास जाणकाराकडून खाच घासून घ्यावी. हे सारे करूनही सूर टिकत नसेल, किंवा वादक ट्रेमोलो वापरत असेल, तरच लॉकिंग ट्यूनरचा विचार करावा.

एक लाभ मात्र प्रत्येक गायनवृंदाला होतो. शुभवर्तमानाआधी तार तुटली, तर साध्या खुंटीवर नवी तार वेढे घालून चढवेपर्यंत प्रवचन संपत येते. लॉकिंग खुंटीचे छिद्र खाचेच्या रेषेत आणायचे, तार ओढून धरायची, चकती आवळायची, सूर लावायचा आणि उरलेली तार कापायची. दोनेक मिनिटांत काम होते.

सूर लावताना नेहमी खालून वर यावे. स्वर चढला असेल तर आधी तार उतरवून मग वर आणावी, म्हणजे दातऱ्यांतील ढिलाई राहत नाही. साथीला पेटी असेल तर गिटार पेटीशी जुळवावी, कारण पेटीच्या पट्ट्या मिस्सेच्या वेळी बदलता येत नाहीत आणि प्रत्येक पेटी ट्यूनर यंत्राच्या ४४० शी जुळतेच असे नाही. जागरणविधीच्या रात्री गिटार मंदिरात निदान तासभर आधी आणून ठेवावी. पंख्याचा झोत तिच्यावर नसावा, आणि दिवे मालवण्यापूर्वी तिचा सूर एकदा तपासून घ्यावा. काढलेल्या जुन्या खुंट्या स्क्रूंसह डबीत जपून ठेवाव्यात.