मध न देणारा तरवड

सोलापूरजवळच्या मंद्रूपच्या माळावर हनीसकल शोधायला गेलात, तर हात हलवत परत याल. त्याचं कॅप्रिफोलिएसी हे कुळ मुख्यतः थंड मुलखाचं. भारतात त्याच्या रानटी जाती हिमालयात आणि दक्षिणेत निलगिरीसारख्या उंच डोंगरांत भेटतात. मे महिन्यात 40 अंश ओलांडणाऱ्या सोलापुरात ते कसं टिकणार?

इथं बांधावर, विजापूर रस्त्याच्या कडेला, मुरमाड रानात पिवळाजर्द फुलतो तो तरवड, म्हणजे सेन्ना ऑरिक्युलाटा. हा शेंगांच्या कुळातला. गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून चराऊ माळावरही तो तग धरतो. त्याच्या सालीवर पूर्वी चामडं कमावत. नवरात्रात घटाला त्याच्या फुलांची माळ चढते. सोलापुरातल्या तेलुगू विणकरांच्या बतुकम्मा सणालाही हेच फूल लागतं. ते म्हणतात तंगेडू.

दोन्ही वनस्पतींना परागीभवनासाठी कीटक हवेत, पण मजुरी देण्याच्या तऱ्हा वेगळ्या. जपानी हनीसकल संध्याकाळी उमलतं, सुगंध सोडतं आणि लांब नळीतला मध लांब सोंडेच्या पतंगांना पाजतं. तरवडाच्या फुलात मधच नाही. तो देतो पराग, म्हणजे पेरणीचं बियाणंच मजुरीत वाटायचं! मग पुढची पिढी कशी व्हावी?

गोम पुंकेसरांत आहे. ते 10 असतात, पण सारखे नाहीत. वरचे 3 वांझ, मधले आखूड, खालचे लांब आणि बाकदार. मधल्यांतला पराग भुंग्याच्या पोटात जातो. खालचे त्याच्या अंगावर, त्याला सहज पोचता येणार नाही अशा जागी पराग उडवतात आणि तोच पुढच्या फुलाला लागतो. अशा दुहेरी पुंकेसरांनी डार्विनलाही बराच काळ चक्रावलं होतं. कामाच्या वाटणीचा हा खुलासा 1880च्या दशकात निसर्गअभ्यासक म्यूलर बंधूंनी मांडला.

शिवाय परागकोश उकलत नाहीत. टोकाला फक्त बारीक छिद्र असतं. काळा भुंगा फुलाला घट्ट धरतो, पंख न फडकवता उडण्याचे स्नायू थरथरवतो आणि पराग पिचकारीसारखा बाहेर येतो. त्या वेळी त्याची गुणगुण एकदम बारीक, चढ्या सुरात जाते. कान दिलात तर सहज कळते. मधमाशीला ही थरथर जमत नाही.

मध मात्र या झाडाकडे अजिबात नाही असं नाही. पानांवर, पर्णिकांच्या जोड्यांमध्ये ग्रंथी असतात, त्यांतून गोड रस पाझरतो. तो मुंग्यांसाठी, त्या झाडावर फिरत राहतात आणि पानं खाणाऱ्या किड्यांना सुखानं बसू देत नाहीत.