गाडी चावी का सोडत नाही?

मुलुंड पश्चिमेच्या आमच्या सोसायटीत गाड्या जास्त आणि जागा कमी. म्हणून एकामागे एक लावायच्या, मागच्याने न्यूट्रलमध्ये ठेवायची आणि हँडब्रेक सोडायचा, म्हणजे सकाळी पुढच्याला निघायचं असेल तर वॉचमन गाडी ढकलून बाजूला करतो. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत जुन्या इमारतींत हाच रिवाज आहे.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री शेजारचे काका खाली अडकले होते. गाडी नवी, ऑटोमॅटिक, घेऊन तीन आठवडेही झाले नव्हते. वॉचमनने सवयीने सांगितलं, न्यूट्रलला ठेवा. काकांनी लिव्हर एनवर आणला, इंजिन बंद केलं आणि चावी काही बाहेर येईना. मी खाली पोचलो तेव्हा त्यांनी डिकीतून पक्कड काढली होती. ती आधी खाली ठेवायला लावली. ब्रेकवर पाय, लिव्हर पीवर, चावी मागे. अलगद हातात आली.

काकांचा पहिला प्रश्न होता, ‘म्हणजे गाडीत काही बिघाड नाही?’ बिघाड नव्हताच. चावी अडते तेव्हा बहुतेक वेळा ती अडकलेली नसते, गाडीने मुद्दाम धरून ठेवलेली असते. आपलं एखादं काम अर्धवट राहिलेलं असतं. ते कोणतं, हे ओळखायच्या आधी जोर लावला की चावी मोडते, आणि मग खरोखरच बिघाड होतो.

ऑटोमॅटिक गाडीत पी म्हणजे पार्क. या जागी गिअरबॉक्समधला एक लोखंडी दात दातेरी चक्रात अडकतो आणि ज्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते, ती फिरू शकत नाहीत. चालक गाडी डी किंवा एनमध्ये सोडून उतरला, तर उतारावर ती चालू लागेल. म्हणून लिव्हर पीवर आल्याखेरीज चावी सोडायची नाही, अशी आतून जोडणी असते. काही गाड्यांत ती तारेची असते, काहींत विजेवर चालणाऱ्या खिट्टीची.

याचंच दुसरं टोक म्हणजे ब्रेक दाबल्याशिवाय लिव्हर पीवरून न हलणं. त्यामागे एक गाजलेलं प्रकरण आहे. 1986 मध्ये अमेरिकेत ऑडी 5000 ही गाडी आपोआप सुसाट पळते, असा आरोप टीव्हीवरच्या एका कार्यक्रमाने देशभर पोचवला. पुढच्याच वर्षी ऑडीने सुमारे अडीच लाख गाड्या परत बोलावून हा अटकाव बसवला. 1989 मध्ये सरकारी तपासाचा निष्कर्ष आला, की चालक ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबत होते. गाडी निर्दोष ठरली, पण ब्रेकवर पाय असल्याची खात्री करून घेण्याची युक्ती टिकली आणि आज आपल्या सोसायटीतल्या गाड्यांतही आहे.

मग न्यूट्रलचं काय करायचं? सरळ मार्ग आहे, पण शोरूममधून गाडी हातात देताना तो क्वचितच कोणी दाखवतं. आधी गाडी पीवर ठेवून बंद करा, चावी काढा. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत लिव्हरच्या शेजारी एक छोटं झाकण किंवा भोक असतं, त्यावर ‘शिफ्ट लॉक’ असं लिहिलेलं असतं. ब्रेकवर पाय ठेवून त्यात चावीचं टोक किंवा पेचकस दाबायचा आणि लिव्हर एनवर आणायचा. चावी खिशात आणि गाडी न्यूट्रलमध्ये. हँडब्रेक मात्र जमीन सपाट असेल तरच सोडायचा, आणि तेव्हाही चाकामागे दगड हवाच. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकच्या आणि बटणाने गिअर बदलणाऱ्या गाड्यांत हे जमेलच असं नाही. हाताच्या गिअरबॉक्सवरच स्वयंचलित यंत्रणा बसवलेल्या एएमटी गाड्यांपैकी बहुतेकांत तर पी नसतोच. अशा वेळी गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडावं, आणि मागच्या रांगेत कोणती गाडी लावायची हे सोसायटीने त्याप्रमाणे ठरवावं. हा सगळा प्रकार फक्त सोसायटीच्या आवारासाठी आहे. रस्त्यावर गाडी अशी सोडू नका. गाडी चुकून चालू लागणार नाही अशी व्यवस्था केल्याशिवाय ती सार्वजनिक जागी चालकाविना उभी करायची नाही, असं 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं 126 वं कलम सांगतं.

हाताने गिअर टाकायच्या गाड्यांत कारण वेगळं आणि त्याहून साधं असतं. अनेक गाड्यांत, मारुती सुझुकीच्या कित्येक मॉडेलांतसुद्धा, चावी ‘एसीसी’ (ॲक्सेसरी) या खुणेपर्यंत मागे येते आणि थांबते. तिथे ती किंचित आत दाबून फिरवली तरच ‘लॉक’पर्यंत जाते आणि सुटते. काही गाड्यांत त्यासाठी शेजारी छोटं बटण असतं. धावत्या गाडीत कोणाच्या हातून चावी सरळ मागे फिरली, तर स्टिअरिंग जागच्या जागी लॉक होईल, म्हणून ही मधली पायरी ठेवलेली असते. नेहमीचा ड्रायव्हर हे न बघता करतो. गाडी पहिल्यांदा हातात घेतलेली मुलगी मात्र रात्री दहा वाजता एस. व्ही. रोडवर रडकुंडीला येते, आणि तिला दोष देण्यासारखं त्यात काही नसतं. गाडी दुसऱ्याच्या हाती देताना एवढं एक वाक्य सांगायला हवं.

स्टिअरिंगच्या याच कुलपाचं जुळं दुखणं म्हणजे चावी आत गेली, पण फिरतच नाही. घाटकोपरला असल्फ्याच्या चढावर किंवा पुढचं चाक फुटपाथच्या दगडाला टेकवून गाडी लावली, की हे हमखास घडतं. चावी काढल्यावर स्प्रिंगवरची एक लोखंडी खीळ सुटते आणि स्टिअरिंगच्या दांड्यातल्या खाचेत बसते. चोराने काच फोडली तरी गाडी वळवता येऊ नये, यासाठी ती असते. पण चाक दगडाला रेटून उभं असेल, तर त्याचा ताण दांड्यातून खिळीवर येतो. खीळ आवळली जाते आणि चावी हलत नाही. एका हाताने स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत राहा, ज्या बाजूला जरा सैल वाटेल तिकडे धरा आणि दुसऱ्या हाताने चावी हलकेच फिरवा. ताण उतरला की खीळ मागे सरते. दोन्ही हात एकाच वेळी चालायला हवेत, एवढीच त्यातली मेख आहे.

उतारावर ऑटोमॅटिक लावताना क्रमही महत्त्वाचा आहे. आधी ब्रेक, मग हँडब्रेक, मग पी. हँडब्रेकआधी पी टाकला, तर गाडीचं सगळं वजन त्या एका दातावर येतं आणि सकाळी लिव्हर हलायला कुरकुरतो.

बॅटरी उतरली तरी काही ऑटोमॅटिक गाड्या चावी सोडत नाहीत, कारण ती खिट्टी मागे घ्यायलाच वीज लागते. डॅशबोर्डवरचे दिवे मंद असतील किंवा लागतच नसतील, तर चावीशी झटापट थांबवा. शेजारच्या गाडीवरून जंप स्टार्ट दिला की चावी मुकाट्याने येते.

हे सगळं करूनही ती आली नाही, तर दोष कुलपात आहे. घराला लावायच्या गोदरेजच्या नवतालसारख्या कुलपात जाड लिव्हर असतात, त्यामुळे धूळ-पाणी सोसून ते वर्षानुवर्षं चालतं. गाडीच्या इग्निशनमध्ये असतात नाजूक पितळी पत्र्या. प्रत्येकीखाली बारीक स्प्रिंग. चावीच्या दातांनी सगळ्या पत्र्या एका पातळीत आल्या, तरच नळकांडं फिरतं. एक जरी पत्री वर राहिली, तर चावी धरली जाते. उपनगरांत या पत्र्यांचे हाल होतात. खाडीची खारी हवा, चार महिन्यांची ओल, आणि पुनर्विकासासाठी पाडलेल्या इमारतींची सिमेंटची भुकटी. ती चावीबरोबरच आत जाते.

त्यावर घरोघरीचा उपाय म्हणजे खोबरेल तेलाचा थेंब. कृपा करून हे करू नका. तेल पहिले चार दिवस बरं वाटतं, मग भुकटी त्याला चिकटते आणि आत चिखल होतो. मोकळं करणारा स्प्रे जरा मारला तर चालतो, पण भरमसाट नको, कारण मागे विजेचा स्विच आहे. कुलपाला मानवते ती कोरडी ग्रेफाइटची पूड. मऊ पेन्सिलीचं टोक चावीच्या दातांवर दोन्हीकडून घासायचं आणि चावी पाच-सहा वेळा आत-बाहेर करायची. ग्रेफाइटचे थर एकमेकांवरून घसरतात आणि त्याला धूळ धरत नाही.

अनेकदा झिजलेली असते ती चावीच. रोजच्या वापराने दातांचे कोपरे गोल होतात. स्टेशनाबाहेर कानस घेऊन बसणारा चावीवाला हुशार असतो, पण आपण त्याला झिजलेलीच चावी नमुना म्हणून देतो आणि तो झीज जशीच्या तशी उतरवतो. त्याला कपाटातली, न वापरलेली दुसरी चावी द्या. शिवाय आजच्या चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात एक चिप असते. कुलपाभोवतीचं वेटोळं तिच्याशी बोलतं आणि ओळख पटली तरच इंजिन सुरू होऊ देतं. दात हुबेहूब असले तरी चिप नसलेली चावी फिरेल, गाडी चालू होणार नाही.

चावीच्या जुडग्याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. गाडीच्या चावीला घराची, दुकानाच्या शटरची, स्कूटरची चावी, वर पितळी गणपती. हे ओझं खड्ड्यांतून जाताना कुलपाला लोंबकळून हिसके देतं. 2014 मध्ये अमेरिकेच्या जनरल मोटर्सने सदोष इग्निशन स्विचमुळे सुमारे 26 लाख गाड्या परत बोलावल्या. स्विचची पकड ढिली होती, जड जुडग्याच्या वजनाने किंवा धक्क्याने तो चालत्या गाडीत बंदकडे सरकायचा. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, एअरबॅगही बंद. कंपनीच्या भरपाई निधीने 124 मृत्यू मान्य केले. दोष स्विचचाच होता. दुरुस्ती होईपर्यंत मालकांना सांगितलेली गोष्ट मात्र एवढीच होती, की कडीत गाडीची एकच चावी ठेवा. आपल्या गाडीचा स्विच चांगला असला तरी पत्र्या झिजतातच, तेव्हा गणपती डॅशबोर्डवर बसवा आणि चावी एकटी राहू द्या.

रात्री चावी निघालीच नाही तर काय करायचं, तेही सांगून ठेवतो. पक्कड नको, हातोडी नको. चावी जमेल तितकी बंदच्या बाजूला फिरवा. ती एसीसीवर राहिली तर सकाळपर्यंत बॅटरी उतरेल, म्हणून बॉनेट उघडून दहाच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. मग दुसऱ्या चावीने दार हाताने लॉक करा, कारण वायर सुटल्यावर रिमोट चालणार नाही. चावी आत मोडली तर तुकड्यावर फेविक्विक लावू नका आणि दुसरी चावी आत खुपसू नका. मोडलेला तुकडा काढायचं बारीक आकड्याचं हत्यार जाणकार चावीवाल्याकडे असतं.

दुसरी चावी जपायला आणखी एक कारण आहे: गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. नवी गाडी घेताना चाव्यांबरोबर नंबर कोरलेला एक छोटा बिल्ला बऱ्याचदा मिळतो. त्या नंबरावरून कंपनी झिजेचा मागमूस नसलेली नवी चावी कापून देऊ शकते. आज घरी गेल्यावर तो बिल्ला आणि दुसरी चावी कुठे आहे ते शोधा, नंबर वहीत लिहा, आणि बिल्ला गाडीत ठेवू नका.